शिमग्यानंतर जायचं, शिमग्याआधी यायचं

आमच्या होमस्टेची नोंदवही पुढून पाहुण्यांनी भरत आलीय आणि मागून मी भरतेय. पुढच्या पानांवर कोल्हापूर, बेळगाव, पुणे, गाडीचा नंबर, शाकाहारी किती, मासे खाणारे किती. मागच्या पानांवर पौंड, रुपये, तारखा. मध्ये आता वीसेक कोरी पानं उरलीत.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं चार खोल्यांचं घर आहे. पुढे खळं, मागे काजूची बाग, आणि दहा मिनिटं चाललं की समुद्र. मी २९ वर्षांची आहे. बी.कॉम. झाले, पुण्यात तीन वर्षं एका ऑफिसात हिशेब लिहिले, २०२० मध्ये घरी आले आणि इथलीच झाले. आता ३० मार्च २०२६ ला मी स्कॉटलंडला निघतेय. एक वर्ष तिथल्या एखाद्या हॉटेलात काम करायचं, सुट्टीत फिरायचं आणि परत यायचं.

हे वाक्य मी गेल्या चार महिन्यांत कितीतरी जणांना सांगितलं. ऐकणारा दर वेळी त्यातलं एकच काहीतरी उचलतो. 'शिकायला चाललीस?' नाही. 'मग तिकडेच राहणार?' नाही. 'कंपनीने पाठवलं?' नाही. आमच्याकडे गाव सोडण्याचे प्रकार ठरलेले आहेत. पुरुष मुंबईला गेला की तो चाकरमानी, मुलगी गेली की लग्न होऊन किंवा शिक्षणाला. माझे आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला उतरले ते ३४ वर्षं गिरणीत राहिले. वर्षातून दोनदा घरी यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. त्यांच्या मनीऑर्डरवर या घराची कौलं चढली. त्यामुळे कोणी जाणार म्हटलं की आमच्या घरात आधी तेच आठवतं. वर्षभर जाऊन, काम करून, डोळे भरून बघून परत यायचं, याला आमच्याकडे शब्दच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझ्यासारख्या आणखी कोणाला जायचं असेल तर तिला निदान आकडे तरी हाताशी मिळावेत.

युरोपात असं वर्ष काढायचं म्हटलं की पहिली भिंत लागते ती पासपोर्टची. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपानच्या मुलांसाठी तिथल्या कितीतरी देशांत वर्किंग हॉलिडेचा व्हिसा आहे. आपल्याला बहुतेक ठिकाणी नाही. जर्मनीत ओ पेअर म्हणून एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळता येतात, पण त्यासाठी वय २७ च्या आत लागतं. ते माझं केव्हाच सरलं. जर्मनीचंच ऑपॉर्च्युनिटी कार्ड जून २०२४ मध्ये सुरू झालं, तेही एक वर्षाचं. पण ते पक्की नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे, आणि २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो याप्रमाणे वर्षाचे १३,०९२ युरो आधीच दाखवावे लागतात. तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत आणि मला तिथे पक्की नोकरी नकोही आहे.

उरला ब्रिटनचा यंग प्रोफेशनल्स व्हिसा. तो फेब्रुवारी २०२३ मध्ये खास भारतीयांसाठी सुरू झाला. वय १८ ते ३०, पदवी हवी, वर्षाला ३,००० जागा, आणि मुक्काम दोन वर्षांपर्यंत. आधी नोकरी हातात असावी लागत नाही, कुठल्या मालकाचं पत्र लागत नाही. जाऊन काम शोधा, आवडलं नाही तर बदला. माझ्या दृष्टीने यातलं हेच सगळ्यात मोठं आहे. बाईमाणसाने परक्या देशात एका मालकाच्या कागदावर अडकून राहायचं नसेल, तर हे स्वातंत्र्य पैशांत मोजता येत नाही.

पण त्याआधी सोडत. ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवर वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत, फक्त ४८ तासांसाठी नाव नोंदवता येतं. पैसे लागत नाहीत. नाव, जन्मतारीख, फोन, ईमेल, पासपोर्टचा तपशील आणि पासपोर्टच्या पानाचा फोटो एवढंच. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निघतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये माझं निघालं नाही. जुलैतली नोंदणी म्हणजे कोकणातला जुलै.

त्या आठवड्यात आमच्याकडे लाइट दोन दिवस नव्हती. आंब्याची फांदी तारेवर पडली होती, इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलची रेंजही गेली. नोंदणी उघडून २७ तास झाले होते. मी वहिनीचा रेनकोट चढवला, फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला आणि स्कूटर काढली. रस्त्यावर पाणी एवढं की चाकं कापत जात होती. सड्यावर रेंज येते हे माहीत होतं. तिथे चहाची एक टपरी पावसाळ्यात बंद असते, तिच्या ताडपत्रीखाली उभी राहिले. दोन काड्या दिसल्या. फोनची बॅटरी १८ टक्के. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना, मग आतल्या कुडत्याच्या कोरड्या टोकाला बोट पुसायचं, एक अक्षर लिहायचं, परत पुसायचं. पासपोर्टचा फोटो तीनदा चढता चढता थांबला. चौथ्यांदा चढला. 'तुमची नोंद मिळाली' असं पान उघडलं तेव्हा बॅटरी ६ टक्के होती. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला आणि ताडपत्रीतून गळणाऱ्या पाण्याखाली तशीच काही वेळ उभी राहिले.

मेल आला तो नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. आई नारळ सोलत होती. मी काही न बोलता फोन तिच्यासमोर धरला. तिने हात पदराला पुसले, चष्मा शोधला, इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली आणि विचारलं, 'म्हणजे लागला नंबर?'

यानंतरची गोष्ट मात्र नशिबाची नाही, शिस्तीची आहे. ज्याला जायचंय त्याने हे दोनदा वाचावं. आपल्या खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस असावे लागतात आणि अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत पडायला हवा. सलग म्हणजे एक दिवससुद्धा आकडा खाली जाता कामा नये. पौंड ११८ रुपये धरला तर ही रक्कम तीन लाखांना दीड हजार कमी. माझी पुण्यातली बचत, काजूच्या दोन हंगामांतला माझा वाटा आणि आईने मोडलेली एक ठेव मिळून मी तीन लाख उभे केले आणि ८ सप्टेंबरपासून दिवस मोजायला लागले. एकोणिसाव्या दिवशी विहिरीवरचा पंप जळला. चारही खोल्यांत पाहुणे, टाकीत पाणी नाही. मेकॅनिकने नवीन मोटर बसवली आणि मी सवयीने त्याच खात्यातून फोनवरून ६,४०० रुपये दिले. रात्री हिशेब लिहिताना कळलं. खात्यात पाच हजारसुद्धा कमी झाले नव्हते मर्यादेपेक्षा, पण झाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी दादाने काही न विचारता त्याच्या खात्यातून वीस हजार माझ्याकडे वळवले आणि मी पहिल्यापासून मोजायला लागले. २७ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर. दसरा गेला, दिवाळी गेली, मी त्या खात्याला हात लावला नाही. माझा सल्ला एवढाच, की या पैशांसाठी वेगळं खातं उघडा, ते फोनला जोडू नका, आणि वर पंधरा-वीस हजार जास्त ठेवा, कारण पौंडाचा भाव रोज हलतो.

क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो, तो ठरलेल्या दवाखान्यातूनच घ्यावा लागतो आणि सहा महिनेच चालतो. त्यासाठी कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबई, छातीचा एक्स-रे, दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत. नंतर बोटांचे ठसे द्यायला पुन्हा एकदा तसंच.

आता खरा खर्च. व्हिसाची फी २०२५ मध्ये ३१९ पौंड होती. त्यावर आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो दोन्ही वर्षांचा एकदम म्हणजे १,५५२ पौंड भरावा लागतो. दोन्ही मिळून दोन लाख वीस हजार रुपये. इथे बाबांचं आणि माझं खरं बोलणं झालं. रात्री जेवणं आटोपल्यावर खळ्यात बसलो होतो. बाबा म्हणाले, 'दोन वर्साचे पैशे भरलंस आणि एका वर्सान परत येतलंस?'

हिशेबाने बाबांचं बरोबर आहे. एक वर्ष मी पैसे भरून सोडून देणार. पण मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केलाय. दोन वर्षं म्हणजे घराचे दोन हंगाम. आजी ८४ वर्षांची आहे. आणि माणूस दुसऱ्या वर्षी जिथे असतो तिथे तिसऱ्या वर्षीही राहायची वाट शोधायला लागतो, हे या गावातल्या प्रत्येक घराने पाहिलंय. हा व्हिसा वाढवून मिळत नाही, तरीही मन मात्र वाढत जातं. म्हणून तारीख मी आत्ताच लिहून ठेवलीय. २०२७ ची होळी २२ मार्चला आहे. त्याच्या आधी आठवडाभर मी घरी. बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'मे म्हयन्यात रांधतला कोण?' त्याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही.

स्कॉटलंडच का, हे सगळे विचारतात. लंडनमध्ये ओळखीचे आहेत, कामंही जास्त आहेत. पण मला शहर बघायला जायचं नाही. मला असा किनारा बघायचाय जो पावसाळी आहे, मुख्य शहरापासून लांब आहे आणि पर्यटकांच्या हंगामावर जगतो. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा युरोपातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागांपैकी एक. तिथे हंगाम ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ आपल्या उलट. आमचं घर पावसाळ्यात रिकामं असतं तेव्हा तिथली हॉटेलं भरलेली असतात. फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाणारी रेल्वे १९०१ मध्ये सुरू झाली. डोंगरातून, कमानींच्या पुलांवरून जाऊन ती बंदरावर संपते आणि पुढे स्काय बेटाला फेरी बोट लागते. नकाशावर ती रेघ पहिल्यांदा बघितली तेव्हा मला कोकण रेल्वेच आठवली, फक्त शेवटी आमच्या बंदरात जशी बोट लागायची तशी तिथे अजून लागते.

आणि हेरिंगवाल्या मुली. हे मला शोधता शोधता सापडलं आणि त्या दिवसापासून डोक्यातून गेलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात स्कॉटलंडच्या बेटांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या हजारो मुली दर हंगामात घर सोडायच्या. हेरिंग माशांचे थवे किनाऱ्याने खाली सरकत, त्यांच्यामागे होड्या, आणि होड्यांच्या मागे बंदराबंदराने या मुली, उत्तरेच्या शेटलंडपासून थेट इंग्लंडातल्या ग्रेट यारमथपर्यंत. तिघींची एक टोळी. दोघी मासे चिरायच्या, तिसरी मिठात पिंपात रचायची. सुरी आणि मीठ लागू नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या बांधायच्या. हात रिकामा झाला की लोकर विणायला घ्यायच्या. हंगाम संपला की पैसे घेऊन घरी.

त्या मुलींचा एक जुना फोटो मी आजीला दाखवला. डोक्याला रुमाल, कमरेला मेणकापड, पुढ्यात माशांचा ढीग आणि सगळ्या हसताहेत. आजीने लहानपणी रापणीवर मासे वेचलेत, बांगडे खारवलेत. ती फोटोतल्या बोटांकडेच बघत राहिली. मग आपला उजवा हात पुढे करून अंगठ्याखालचा जुना व्रण दाखवला. 'मीठ गेला की झोप नाय,' एवढंच म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मी काही जगावेगळं करत नाही. जाणं आणि परत येणं ही एका किनाऱ्याच्या बायकांची रीतच होती.

मला तिथे काय बघायचंय तेही नोंदवहीत लिहिलंय. स्कॉटलंडने २०२२ मध्ये कायदा केला, त्यानुसार घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर परवाना लागतो. आधीपासून खोल्या देणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करायचा होता. त्यात आगीची सूचना देणारी यंत्रणा, गॅसची तपासणी, सगळं येतं. एडिनबरामध्ये २४ जुलै २०२६ पासून मुक्कामाच्या बिलावर ५ टक्के पर्यटक कर लागणार आहे. आमच्याकडे निवास-न्याहारी योजनेतली नोंदणी आहे, पाटी आहे, पण किनाऱ्यावर येणाऱ्या कचऱ्याला कोणाचा हात लागत नाही. पर्यटकाकडून घेतलेला पैसा त्याच गावाच्या गटारांवर, वाटांवर, संडासांवर खर्च होताना कसा दिसतो, हे मला जवळून बघायचंय. आणि स्काय बेटावर घरं सुट्टीच्या भाड्याला गेल्यामुळे तिथल्या तरुणांना राहायला घर मिळेना झालंय, तेही. आमच्या वाडीत उलट आहे, अकरापैकी सहा घरांना कुलूप, गणपतीत उघडतात. पण जमिनी ज्या वेगाने विकल्या जाताहेत ते बघता त्यांचा आजचा प्रश्न आमच्या दारात यायला फार वर्षं लागणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

कामाचा हिशेब असा. २१ आणि त्यावरच्या वयाच्यांना एप्रिल २०२५ पासून ताशी किमान १२.२१ पौंड द्यावेच लागतात. एप्रिल २०२६ पासून ते १२.७१ होणार आहेत, पण मी जुनाच आकडा धरलाय. आठवड्याला ४० तासांचे ४८८ पौंड. दुर्गम भागातली हॉटेलं बहुधा राहायला खोली देतात आणि कायद्याने किमान पगारातून त्यासाठी दिवसाला १०.६६ पौंडांपेक्षा (हाही २०२५ चाच आकडा) जास्त कापता येत नाहीत. कर आणि विम्याची कपात जाऊन हातात साडेतीनशेला थोडे कमी राहतात. त्यातले दीडशे बाजूला पडले तरी व्हिसा आणि विमानाचे पैसे जुलैअखेर भरून निघतात. ऑक्टोबर २०२४ पासून टिपचे सगळे पैसे कामगारांनाच द्यायचा कायदाही झालाय. आणि वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा, हॉटेलातल्या वेटरलासुद्धा. हा आकडा वाचल्यावर मी वही मिटून आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा विचार करत राहिले. मे महिन्यात त्या एकही खाडा करत नाहीत. पावसात चार महिने काम नाही आणि पगारही नाही. परत आल्यावर सगळ्यात आधी हे बदलायचंय, तेही वहीत लिहिलंय.

गेल्या बुधवारी एका हॉटेलची मुलाखत झाली, व्हिडिओवर. मी पडवीत बसले होते, मागे भिंतीला टेकवलेल्या कोयत्या आधीच हलवून ठेवल्या होत्या. समोरच्या बाईंनी विचारलं, स्प्लिट शिफ्ट चालेल का, म्हणजे सकाळी न्याहारीचं काम, दुपार मोकळी, संध्याकाळी पुन्हा जेवणाचं. मी म्हटलं, पाच वर्षं तेच करतेय. मग त्यांनी जरा थांबून विचारलं, की आमच्याकडे पाऊस फार असतो, बऱ्याच मुली त्याला कंटाळून परत जातात. मी म्हटलं, आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पडतो. त्यांनी दोनदा आकडा विचारून घेतला. लेखी पत्र अजून आलेलं नाही. या हॉटेलचं नाही आलं तर वहीत आणखी सात नावं आहेत.

हिवाळ्याचं अजून ठरलेलं नाही. नोव्हेंबरात तिकडची बरीच हॉटेलं बंद होतात आणि डिसेंबरात उजेड सात तासांपेक्षाही कमी. तेव्हा एडिनबरा किंवा ग्लासगो, बघू. १४ सप्टेंबर २०२६ ला गणपती आहे, त्या दिवशी काय करायचं हेही मी ठरवलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा गणपतीवरची माटवी बांधायला मी नसेन.

आजी रोज एकच विचारते, 'एका वर्सान येतलंस मा?' मी रोज तारीख सांगते. गेल्या मे महिन्यातल्या आमसुलांची एक बरणी तिने माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीय आणि तिला कोणी हात लावलेला तिला चालत नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधत होते, ते कोणी मोठ्याने बोललं नाही. वहिनी मुंबईत वाढलेली, मासे चिरायला इथे येऊन शिकलेली. आजवर तिने पाहुण्यांच्या वहीला कधी हात लावला नव्हता. काल संध्याकाळी मी वेंगुर्ल्याहून बाजार घेऊन आले तेव्हा निपाणीची गाडी दारात उभी होती. रात्री पौंडांचे आकडे लिहायला वही उघडली तर पुढच्या पानावर नवी नोंद, वहिनीच्या अक्षरात. गाडी नंबर, माणसं सहा, शाकाहारी दोन, मासे खाणारे चार. आणि खाली, मी कधी लिहिलं नव्हतं ते, बारीक अक्षरात: 'लहान मुलीला शिंपल्या-तिसऱ्या चालत नाहीत, अंगावर पित्त उठतं. आईला सकाळी साडेसहाला गरम पाणी.'